तो हाच का?

ह्या शनिवारचा विषय थोडा किळसवाणा आहे, आधीच सांगून ठेवतो. पू, गळवं, नाकातले जंतू वगैरे. जेवत असाल तर ताट संपवून या, लेख कुठे पळून जात नाही :-)

तर मंडळी, अशी कल्पना करा की एका रुग्णालयात एकाच आठवड्यात तीन पेशंटच्या जखमा चिघळल्या. तिघांच्याही पुवात स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जिवाणू सापडला (ह्यापुढे त्याला नुसतं 'स्टॅफ' म्हणू, एवढं लांब नाव प्रत्येक वेळी टंकायचा कंटाळा आहे). तिन्ही स्टॅफ एका ठराविक अँटिबायोटिकला दाद देत नाहीत. आता प्रश्न असा: हे तीन वेगळे जंतू आहेत, की एकच जंतू तीन ठिकाणी फिरून आलाय?

वरवर पाहता हा प्रश्न फक्त प्रयोगशाळेतल्या लोकांना पडावा असा वाटतो. पण उत्तरावर सगळं अवलंबून आहे. तीन वेगळे असतील तर प्रत्येक पेशंटच्या अंगावरचा स्वतःचा जंतू औषधाच्या माऱ्याने निर्ढावलेला असू शकतो. मग औषध कोणतं, किती आणि किती दिवस द्यायचं हे तपासायला हवं. एकच असेल तर तो कुणाच्या तरी हातावरून, नाकातून, चादरीवरून किंवा ड्रेसिंगच्या ट्रॉलीवरून फिरतोय. मग हात धुण्यापासून वॉर्ड बंद करण्यापर्यंतची कामं निघतात. पहिल्या रोगावर दुसऱ्याचा इलाज केला तर पेशंट दगावत राहतात आणि आपण मात्र काहीतरी केल्याच्या समाधानात असतो. आमच्या धंद्यात ह्याला चुकीच्या मोड्यूलमध्ये बग शोधणं म्हणतात. फरक एवढाच की तिथे कुणी मरत नाही.

गेली ऐंशी वर्षं माणसं हा एकच प्रश्न विचारतायत: तो हाच का? प्रश्न तोच राहिला, उत्तर देणारी अवजारं बदलत गेली. आणि गंमत म्हणजे प्रत्येक अवजाराबरोबर 'तोच' ह्या शब्दाचा अर्थही बदलत गेला.

सगळे सारखेच दिसतात

आधी अडचण समजून घेऊ. 'आंबा' म्हटलं की हापूस, पायरी, केसर, रायवळ असे सगळे आले. तसंच 'स्टॅफ' म्हटलं की त्यात शेकडो वाण आले. त्यांना स्ट्रेन म्हणतात, आपणही तेच म्हणू. पण हापूस आणि पायरी डोळ्यांनी, नाकाने ओळखता येतात. स्टॅफचे दोन स्ट्रेन सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारखे दिसतात. द्राक्षाच्या घडासारखे गोल गोल दाणे, बस्स. प्लेटवर वाढवले तर दोघांच्याही पिवळसर कॉलन्या.

मग सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे कोणती औषधं लागू पडतात ते बघायचं. प्लेटवर औषधाच्या चकत्या ठेवायच्या, कोणाभोवती जंतू वाढत नाहीत ते मोजायचं. हे आजही प्रत्येक लॅबमध्ये होतं, कारण डॉक्टरला औषध ठरवायला तेच लागतं. पण ओळख पटवायला ते कच्चं आहे. प्रतिरोधाची कितीतरी जनुकं प्लाझ्मिड नावाच्या छोट्या गोल डीएनएवर असतात आणि प्लाझ्मिड एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातात, पेन ड्राइव्हवरून फाईल कॉपी करावी तसे. म्हणजे दोन परक्या जंतूंकडे एकच फाईल असू शकते आणि सख्ख्या भावांपैकी एकाने ती हरवलेलीही असू शकते. हेल्मेट सारखं आहे म्हणून दोन मोटरसायकलवाले एकच, असं पोलीससुद्धा म्हणणार नाहीत.

मेरी बार्बर आणि जंतूंना खाणारे विषाणू

आता लंडनला जाऊ, सालं १९४६ ते १९४८. पेनिसिलिन नुकतं सर्वसामान्य रुग्णांपर्यंत पोचलं होतं आणि लोक त्याला चमत्कारच समजत होते. हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर नावाच्या जीवाणूतज्ज्ञ स्टॅफचे नमुने तपासत होत्या. १९४६ मध्ये त्यांना सुमारे १४ टक्के नमुने पेनिसिलिनला न जुमानणारे आढळले. १९४७ मध्ये ३८ टक्के. १९४८ मध्ये ५९ टक्के. दोन वर्षांत चौपट!

सहज सुचणारं स्पष्टीकरण असं की पेनिसिलिन खाऊन खाऊन प्रत्येक पेशंटमधला स्टॅफ निर्ढावला. बार्बर ह्यांना ते पटलं नाही. त्यांचा संशय वेगळा होता: प्रतिरोधक स्ट्रेन आधीपासूनच थोडेफार होते, पेनिसिलिनने त्यांचे प्रतिस्पर्धी मारून टाकले, आणि मोकळ्या झालेल्या जागेत हे वॉर्डभर पसरले. म्हणजे पेशंट आपला जंतू घरून आणत नव्हता, रुग्णालयातून घेऊन जात होता. पण हे सिद्ध कसं करणार? त्यासाठी 'तो हाच' असं दाखवायला हवं.

इथे मदतीला आले फाज. फाज म्हणजे फक्त जिवाणूंवर जगणारे विषाणू. फ्रेडरिक ट्वॉर्ट ह्यांनी १९१५ मध्ये आणि फेलिक्स डेरेल ह्यांनी १९१७ मध्ये ते स्वतंत्रपणे शोधले. हे विषाणू भारी चोखंदळ. एक फाज एका स्ट्रेनचा फडशा पाडेल, पण शेजारच्या स्ट्रेनला शिवणारही नाही. विल्सन आणि अ‍ॅटकिन्सन ह्यांनी १९४५ मध्ये ह्या चोखंदळपणाचाच उपयोग करून स्टॅफचे प्रकार पाडायची पद्धत मांडली.

पद्धत अशी. प्लेटवर स्टॅफचं पातळ द्रावण पसरून वाळवायचं. प्लेटच्या मागे चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीत वेगळ्या फाजचा एक एक थेंब ठेवायचा. रात्रभर उबेत ठेवायचं. सकाळी सगळीकडे जंतूंची साय आलेली असते, पण ज्या फाजला हा स्ट्रेन आवडला त्याच्या चौकटीत स्वच्छ गोल खिडकी पडलेली असते. खिडक्यांचे नंबर ओळीने लिहायचे, तेच त्या स्ट्रेनचं नाव. उदाहरणार्थ ५२/५२ए/८०/८१. ज्यांना कळेल त्यांच्यासाठी: प्रोग्रॅम उघडून न पाहता त्याला ठराविक इनपुट द्यायची आणि कुठल्या इनपुटला तो कोसळतो त्यावरून ओळखायचं. शुद्ध ब्लॅक बॉक्स टेस्टिंग!

बार्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हे तंत्र वापरून प्रतिरोधक स्टॅफचे प्रकार पाहिले आणि एका प्रसूतिगृहातल्या संसर्गाचाही अभ्यास केला. जे दिसलं ते त्यांच्या संशयाला धरून होतं. प्रतिरोधक जंतू ठराविक प्रकारांचे होते आणि रुग्णालयातच फिरत होते.

पुढे काय झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बार्बर तेवढ्यावर थांबल्या नाहीत. हॅमरस्मिथमध्ये त्यांनी पेनिसिलिनच्या वापरावर बंधनं आणली, औषधं जोडीने द्यायची शिस्त लावली, संसर्ग पसरू नये म्हणून काळजी घेतली. १९६० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी छापलेल्या निबंधाचा विषयच हा होता की रुग्णालयातल्या स्टॅफचा प्रतिरोध मागे हटवता येतो. प्रतिरोध फक्त वाढतच जातो असं आपण ऐकत आलोय ना? साठ वर्षांपूर्वी एका बाईंनी त्याला उलट पावली चालवलं होतं. दुर्दैवाने १९६५ मध्ये मोटार अपघातात त्या गेल्या.

ज्याचं नावच यादीत नाही

फाज टायपिंगचं मुख्य ठाणं होतं उत्तर लंडनमधलं कॉलिन्डेल. तिथल्या प्रयोगशाळेत देशभरातून स्टॅफचे नमुने यायचे. फाज जिवंत ठेवायचे, प्रत्येक फाजसाठी त्याचा आवडता स्टॅफ वाढवायचा, थेंबाची तीव्रता नेमकी ठेवायची, ही सगळी कामं हातावर बेतलेली. कडक मीठ घातलेल्या लोणच्यासारखं, एका घरात जमतं आणि शेजारी तीच कृती बिघडते. म्हणून १९५३ मध्ये आंतरराष्ट्रीय समिती नेमून फाजचा एक प्रमाण संच ठरवला गेला. आपल्याकडेही दिल्लीच्या मौलाना आझाद मेडिकल कॉलेजात ह्याच कामासाठी राष्ट्रीय स्टॅफिलोकॉकल फाज टायपिंग केंद्र उभं राहिलं.

निकाल वाचायचा नियम ऐकण्यासारखा आहे. दोन नमुन्यांमध्ये किमान दोन ठळक खिडक्यांचा फरक असेल तरच ते वेगळे धरायचे. एका खिडकीचा फरक आला तर सोडून द्यायचं, कारण एकच नमुना दोनदा तपासला तरी एवढा फरक येऊ शकतो. म्हणजे पहिल्या दिवसापासून 'तोच' हे मोजमाप नव्हतं, तो निवाडा होता.

आणि एक मोठी गोची होती. संचातले फाज ज्यांना ओळखतात तेच स्ट्रेन दिसणार. १९५३ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या रुग्णालयांमध्ये नवजात बाळांना स्टॅफचे भयंकर संसर्ग होऊ लागले. आयांच्या स्तनांत गळवं, नर्सेसना फोड. सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयात फिलिस राऊंट्री ह्या जीवाणूतज्ज्ञ होत्या. ह्या स्टॅफवर संचातले फाज टाकले तर खिडकी पडेना. स्ट्रेन समोर आहे, पोरं आजारी पडतायत, आणि यादीत त्याला नाव नाही. मग राऊंट्री ह्यांनी त्याला फोडणारा नवा फाज शोधून काढला. त्याला नंबर मिळाला ८०. तिकडे कॅनडात असाच एक उपद्रवी स्टॅफ ज्या फाजने ओळखला गेला त्याला मिळाला ८१. नंतर लक्षात आलं की दोन्हीकडचा गुन्हेगार एकच! ८०/८१ नावाने तो इतिहासात गेला. पेनिसिलिनला प्रतिरोधक असलेला हा स्ट्रेन पुढे अमेरिका आणि ब्रिटनमध्येही पोचला.

१९६० च्या दशकात ८०/८१ ओसरला. आणि २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक निबंध आला. जपून ठेवलेल्या जुन्या ८०/८१ चं डीएनए तपासल्यावर दिसलं की नैऋत्य पॅसिफिकमध्ये पसरलेला एक नवा मेथिसिलिन-प्रतिरोधक स्ट्रेन त्याच घराण्यातला आहे. म्हातारा गेला असं आपण समजत होतो, नातू धंदा सांभाळत होता.

मेथिसिलिन आलं आणि लगेच...

पेनिसिलिन निकामी होतंय म्हटल्यावर बीचम कंपनीने मेथिसिलिन काढलं. १९६० मध्ये ते सेल्बेनिन नावाने बाजारात आलं. कॉलिन्डेलच्या पॅट्रिशिया जेव्हन्स ह्यांनी त्यांच्याकडे येणारे स्टॅफचे नमुने नव्या औषधावर तपासायला सुरुवात केली. पाच हजारांहून जास्त नमुन्यांत तीन सापडले जे मेथिसिलिनला बधत नव्हते. तिन्ही एकाच रुग्णालयातले आणि तिन्हींचा फाज प्रकारही एकच. जानेवारी १९६१ मध्ये त्यांचं छोटंसं पत्र 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आलं. एमआरएसए ह्या नावाने आज जगभर बदनाम असलेल्या जंतूची ही पहिली नोंद.

सगळे म्हणाले, बघा, औषध आलं आणि लगेच जंतूने तोड काढली. ही गोष्ट इतकी पटण्याजोगी होती की पन्नासेक वर्षं ती तशीच सांगितली गेली. तिच्याकडे शेवटी परत येतो.

घाटातल्या वळणावर डीएनए

पुढे फाज टायपिंगची पंचाईत झाली. कितीतरी एमआरएसए असे निघाले की एकाही फाजची खिडकी पडेना. रिपोर्टवर 'टाईप करता आला नाही' एवढंच. मग लोकांनी ठरवलं की जंतूच्या आवडीनिवडी सोडा, सरळ त्याचं डीएनए पाहू.

स्टॅफचं डीएनए म्हणजे सुमारे २८ लाख अक्षरांची एक गोल माळ. १९८० च्या दशकात ती पूर्ण वाचणं शक्य नव्हतं, पण कापता येत होती. 'स्माय-वन' नावाचं एक विकर म्हणजे अशी कात्री की जिला ठराविक सहा अक्षरं दिसली तरच कापते. ती सहाच्या सहा अक्षरं जी आणि सी ह्यांचीच, आणि स्टॅफच्या डीएनएमध्ये जी आणि सी कमी. त्यामुळे काप थोडेच पडतात आणि पंधरा-वीस मोठाले तुकडे हाती येतात. तुकड्यांच्या लांबीवरून स्ट्रेन ओळखायचा.

पण एवढे लांब तुकडे वेगळे करायचे कसे? नेहमीच्या पद्धतीत डीएनए जेलीत ठेवून वीज सोडतात, छोटे तुकडे पुढे पळतात, मोठे मागे राहतात. तुकडे फारच लांब असले की मात्र सगळे सापासारखे तोंड पुढे करून साधारण एकाच वेगाने सरपटतात. १९८४ मध्ये डेव्हिड श्वार्ट्झ आणि चार्ल्स कँटर ह्यांनी युक्ती काढली: विजेची दिशा सारखी बदलत राहा. सरळ रस्त्यावर ट्रेलर आणि स्कूटर एका वेगाने जातील हो, पण घाटात आणा म्हणजे कळेल. प्रत्येक वळणावर स्कूटर पटकन वळते, ट्रेलर पुढेमागे करत बसतो. वीसेक तास वळणं दिली की लहान तुकडे पुढे आणि मोठे मागे, असे स्वच्छ पट्टे पडतात. ह्याचं नाव पल्स्ड फील्ड जेल इलेक्ट्रोफोरेसिस, पीएफजीई. दिसायला अगदी बारकोड.

१९९५ मध्ये फ्रेड टेनोव्हर आणि सहकाऱ्यांनी बारकोड वाचायचे नियम छापले. फरक शून्य असेल तर स्ट्रेन एकच समजा. दोन-तीन पट्ट्यांचा असेल तर जवळचा नातेवाईक. चार ते सहाचा असेल तर कदाचित नातेवाईक. सात किंवा जास्त असेल तर परका. ह्यामागे तर्क आहे. एका अक्षराचा बदल होऊन कात्रीची एक नवी जागा तयार झाली तर एक मोठा पट्टा जातो आणि दोन छोटे येतात, म्हणजे एकाच घटनेने तीन पट्ट्यांचा फरक पडतो. तरीही रेघ कुठेतरी माणसानेच मारली होती, खिडक्यांसारखीच.

पीएफजीई बरीच वर्षं 'सुवर्ण प्रमाण' म्हणून गाजलं. अमेरिकेत २००३ मध्ये सीडीसीने ह्याच पट्ट्यांवरून एमआरएसएना यूएसए१००, यूएसए३०० अशी नावं दिली. पण ब्रिटनमध्ये ह्या अवजाराची मर्यादा उघडी पडली. २००० च्या आसपास तिथे रक्तातल्या एमआरएसए संसर्गांपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास फक्त दोन स्ट्रेनमुळे होते, ईएमआरएसए-१५ आणि ईएमआरएसए-१६. आता करा काय करायचं ते. तीन पेशंटचे बारकोड जुळले, ठीक आहे, पण शेजारच्या शहरातल्या पेशंटचाही तोच येतो. गर्दीत सगळ्यांचंच नाव पाटील असेल तर 'पाटील होता' ह्या साक्षीला काय किंमत?

पट्ट्यांवरून अक्षरांवर

दरम्यान जनुकं वाचणं स्वस्त होत होतं. १९९८ मध्ये मार्टिन मेडन आणि सहकाऱ्यांनी मेनिन्जायटिसच्या जंतूसाठी एक पद्धत मांडली, २००० मध्ये मार्क एनराईट आणि सहकाऱ्यांनी ती स्टॅफला लावली. जंतूच्या रोजच्या घरकामाच्या सात जनुकांचे छोटे भाग वाचायचे, प्रत्येक रूपाला एक आकडा, आणि सात आकड्यांच्या जोडणीला एक एसटी क्रमांक. (आपली लाल डब्याची एसटी नव्हे, सिक्वेन्स टाईप.) ह्या पद्धतीला एमएलएसटी म्हणतात. ईएमआरएसए-१५ म्हणजे एसटी२२. मोठा फायदा असा की अक्षरं कुठेही वाचली तरी तीच राहतात. मुंबईतला निकाल आणि मेलबर्नमधला निकाल फोटो शेजारी न ठेवता ताडून पाहता येतात. इंजिनिअरला विचारा, फॉरमॅट ठरणं ही केवढी मोठी गोष्ट असते!

आपल्याकडचं ठोस उदाहरण देतो. २०१० मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या संशोधकांनी एमआरएसएचे प्रकार तपासून एसटी२२ आणि एसटी७७२ हे दोन स्ट्रेन मुंबईत पसरत असल्याचं दाखवलं. ह्यातला एसटी७७२ 'बेंगॉल बे क्लोन' म्हणून ओळखला जातो. २०१९ मध्ये त्याच्या ३४० नमुन्यांचे पूर्ण जीनोम वाचून निघालेला निष्कर्ष असा: हे घराणं १९६० च्या दशकात भारतीय उपखंडात उदयाला आलं, १९९० च्या दशकात त्याने एकाच फटक्यात बऱ्याच औषधांचा प्रतिरोध मिळवला, आणि प्रवास व नातेसंबंधांच्या वाटांनी ते जगभर गेलं. सुट्टीला घरी येऊन परत जाणाऱ्या आपल्या मंडळींच्या बॅगेत लोणच्याबरोबर हेही जात असणार.

पण एमएलएसटीने घराणं कळतं, व्यक्ती नाही. २८ लाख अक्षरांतली जेमतेम तीन हजार वाचतो ना आपण.

आता डिफ मारू

उरलेला मार्ग एकच: सगळं वाचायचं. स्टॅफचा पहिला पूर्ण जीनोम जपानी शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये छापला. दशकभरात यंत्रं इतकी झपाट्याने सुधारली की २०१० मध्ये 'सायन्स'मध्ये एकाच वेळी ६३ एमआरएसएंची तुलना आली. सगळे एसटी२३९ घराण्यातले. ४३ जगभरातून गोळा केलेले आणि २० थायलंडमधल्या एकाच रुग्णालयातले. जुन्या पद्धतींनी जवळजवळ एकसारखे दिसणारे हे नमुने अक्षर अक्षर लावून पाहिल्यावर वेगळे झाले. शिवाय घड्याळ सापडलं: ह्या जंतूच्या डीएनएमध्ये साधारण सहा आठवड्यांनी एक अक्षर बदलतं. म्हणजे वर्षाला आठ-नऊ. आता फक्त 'तोच का' एवढंच नाही, तर 'ह्या दोघांची फारकत साधारण कधी झाली' हेही काढता येतं. आमच्या भाषेत सांगायचं तर आजवर फाईलचा चेकसम होता, आता अख्खी कमिट हिस्टरी मिळाली.

ह्याचा प्रत्यक्ष उपयोग काय? केंब्रिजच्या रोझी रुग्णालयातली २०११ ची घटना घ्या. नवजात बाळांच्या विशेष कक्षात सहा महिन्यांत १२ बाळांच्या अंगावर एमआरएसए सापडला. अधूनमधून, मध्ये मोठ्या खंडानंतर. साथ आहे की योगायोग, नेहमीच्या पद्धतींनी ठरेना. जीनोम वाचल्यावर चित्र पालटलं. संबंधित प्रकरणं १२ नाहीत, २६ निघाली. जंतू बाळांच्या कक्षात फिरत होता, बाळंतिणींच्या वॉर्डात फिरत होता आणि घरी गेलेल्यांबरोबर बाहेरही पोचला होता. कक्षाची कसून सफाई झाली, बरेच दिवस एकही नवं प्रकरण नाही, आणि मग पुन्हा एक बाळ. अक्षरं सांगत होती की हा बाहेरून आलेला नवा नाही, तोच आहे. मग मधल्या काळात तो होता कुठे? कर्मचाऱ्यांची तपासणी झाली आणि एका व्यक्तीकडे तो सापडला. त्या व्यक्तीला स्वतःला काही त्रास नव्हता, जंतू नुसता अंगावर वस्तीला होता. उपचाराने तो काढता येतो.

इथे जरा थांबूया. कारण 'सापडला' म्हटलं की आपल्या डोक्यात लगेच चोर येतो. (मीही वर 'गुन्हेगार' लिहूनच गेलो.) पण त्या कर्मचाऱ्याच्या एकट्याच्या अंगावरून घेतलेल्या कॉलन्यांमध्येही आपसात अक्षरांचे थोडे फरक होते. म्हणजे एका माणसाच्या अंगावरही 'एक' जंतू नसतो, किंचित वेगळ्या भावंडांचा जथा असतो. त्यामुळे इतक्या बारीक अवजारानेसुद्धा किती अक्षरांपर्यंत 'तोच' म्हणायचं ही रेघ माणसालाच मारावी लागते. खिडक्या, पट्टे, अक्षरं, रेघ काही सुटत नाही. आणि ह्या रेघेच्या एका बाजूला कुणाची तरी नोकरी असू शकते. ज्या रुग्णालयात अहवालाचा अर्थ 'अमुक बाईमुळे झालं' असा लावला जाईल, तिथे पुढच्या वेळी कुणी तपासणीला नाक पुढे करणार नाही. वाहक शोधायचा तो वाट बंद करण्यासाठी. त्या माणसालाही तो जंतू बहुधा त्याच वॉर्डाने दिलेला असतो.

आणि ती १९६१ ची गोष्ट

आता जेव्हन्स ह्यांच्याकडे परत. कॉलिन्डेलवाल्यांनी एक काम फार निगुतीने केलं होतं. जुने स्ट्रेन गोठवून, वाळवून, काचेच्या नळ्यांत बंद करून ठेवले होते, त्यांचा पुढे काय उपयोग होईल ह्याची काहीही कल्पना नसताना. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी १९६० ते १९८९ मधल्या अशा २०९ एमआरएसएंचे जीनोम वाचले, घड्याळ उलटं फिरवलं आणि सांगितलं: मेथिसिलिनला प्रतिरोध देणारं जनुक स्टॅफमध्ये १९४० च्या दशकाच्या मध्यालाच शिरलं होतं. मेथिसिलिन बाजारात यायच्या सुमारे चौदा वर्षं आधी! त्याला वाढवलं ते पेनिसिलिनच्या बेसुमार वापराने. म्हणजे नवं औषध आल्यावर जंतूने तोड काढली हे खरं नव्हतंच. तोड तयार होती, कुलूप नंतर आलं. म्हणजेच आज आपण जे औषध उधळतोय ते उद्याच्या, अजून न जन्मलेल्या औषधाचीही वाट लावत असू शकतं.

हे कळलं ते महागड्या यंत्रामुळे, हे खरंच. पण यंत्राला वाचायला काहीतरी हवं होतं आणि ते साठ वर्षांपूर्वी कुणीतरी जपून ठेवलं होतं.

आपल्याकडे आयसीएमआरने २०१३ मध्ये प्रतिरोधावर नजर ठेवणारं प्रयोगशाळांचं जाळं सुरू केलं, ते मोठंच काम आहे. पण गावोगावच्या साध्या लॅबमध्ये काय होतं? रिपोर्ट गेला की काही दिवसांत प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये आणि मग कचऱ्यात. पुढच्या महिन्यात दुसरा पेशंट आला, त्याच्या जखमेत तसाच जंतू निघाला, तर ताडून बघायला पहिला उरलेलाच नसतो. जीनोम वाचणारं यंत्र सगळीकडे येईल तेव्हा येईल. पण संशयास्पद जंतू एका छोट्या कुपीत घालून, तारीख आणि वॉर्ड लिहून, डीप फ्रीझरमध्ये ठेवायला त्यामानाने कितीसा खर्च येतो?

'हा तोच का' ह्या प्रश्नात सगळं लक्ष 'हा' कडे जातं. 'तो' जपून ठेवला असेल तरच प्रश्नाला अर्थ आहे.

असो. जेवून झालं असेल तर हात धुवा. जेवायचं राहिलं असेल तर आधी धुवा :-)